विजेची शिदोरी



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या वर्गात मी १९६० च्या दशकात बसत असे. पुढे विज्ञानाची वाट सोडून मी मराठी साहित्याच्या वाटेला लागलो, प्रबंध लिहिला, इंदूरच्याच महाविद्यालयात आयुष्यभर शिकविले आणि यथाकाल निवृत्त झालो. अशा माणसाने बॅटरीविषयी बोलावे हे काहींना विपरीत वाटेल. परंतु दोन वर्षांपूर्वीच नव्हे, तर अगदी अलीकडेपर्यंत मनात घोळत राहिलेला एक प्रसंग असा आहे की, सरांच्या नावाने बोलायचे तर मी दुसरे काही बोलूच शकत नाही. तो प्रसंग आधी सांगतो. मग त्यामागचे शास्त्र, मला जसे उमगले तसे, आपल्यापुढे मांडतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही उभयता अमेरिकेत कन्येकडे गेलो होतो. तिने आणि जावईबापूंनी आम्हांला ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन दाखविण्याचा बेत केला आणि त्यासाठी एक मोटारहोम भाड्याने घेतले. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. निजायला बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, शीतपेटी, न्हाणीघर, उष्णतायंत्र असे सारे एकाच गाडीत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही आपली म्हण मला त्या गाडीकडे पाहून सारखी आठवत होती. कॅन्यनच्या दक्षिण काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर, पाइन वृक्षांच्या राईत मॅथर नावाचा तळ आहे. तेथे गाडी उभी करण्यास जागा मिळते, पाणी भरून घेता येते. मात्र गाडीला बाहेरून वीज जोडण्याची सोय नाही. रात्री जनरेटर चालविण्यासही मनाई आहे. म्हणजे सूर्यास्तानंतर आपण आणि आपली बॅटरी.

माझ्या पत्नीला झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आहे. त्यासाठी तिला रात्री नाकावर मुखवटा लावून हवेचा सौम्य दाब देणारे यंत्र वापरावे लागते. त्याला सीपॅप म्हणतात. त्या रात्री सर्वजण झोपलो. पहाटे चारच्या सुमारास गाडीत कुठेतरी कर्कश पिपाणी वाजू लागली आणि पाठोपाठ यंत्राची मंद घरघर थांबली. पत्नी घाबरून, धापा टाकीत उठून बसली. बाहेर पारा गोठणबिंदूखाली, आत उष्णतायंत्राचा पंखाही मंदावलेला. यंत्र बंद पडले म्हणजे लगेच प्राणावर बेतते असे नव्हे. मुखवटा काढून ती बसून राहिली आणि उजाडेपर्यंत आम्ही चौघे पांघरुणे गुंडाळून जागे राहिलो. परंतु त्या दोन तासांत तिच्या चेहऱ्यावरची भीती मी पाहिली आणि मला माझीच लाज वाटली. कारण आदल्या सायंकाळी जावईबापूंनी पाव आणि सूप घेऊ या असे सुचविले असता, “थंडीत गरम वरणभात हवा” असा आग्रह मीच धरला होता, आणि तो भात विजेच्या कुकरवर शिजला होता.

भातामुळे यंत्र बंद पडले का? हा प्रश्न मी सकाळी कन्येला विचारला. ती म्हणाली, “बाबा, अंदाजाने दोष घेऊ नका, हिशेब करू.” त्या क्षणी मला सरांचा वर्ग आठवला. एखादी गोष्ट कळली असे केव्हा म्हणावे, तर ती मोजता आली म्हणजे, असे ते सांगत असत.

हिशेबाकडे वळण्यापूर्वी शब्द स्पष्ट केले पाहिजेत. आम्हां साहित्यवाल्यांच्या लेखी ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ हे जवळपास समानार्थी शब्द. कवितेत एकाच्या जागी दुसरा घातला तरी फारसे बिघडत नाही. भौतिकशास्त्रात मात्र तो भेद जीवनमरणाचा आहे, आणि मोटारहोममधील बहुतेक फजित्या या भेदाच्या विस्मरणातून उद्भवतात.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी एक दिवसाआड नळाला पाणी येते, त्यांना हे समजावून सांगणे सोपे आहे. गच्चीवरची टाकी किती लिटरची, हा एक प्रश्न. तोटी सोडली असता मिनिटाला किती पाणी पडते, हा दुसरा. टाकीतील साठा म्हणजे ऊर्जा, आणि तोटीतून वाहण्याचा वेग म्हणजे शक्ती. विजेच्या बाबतीत शक्ती वॅटमध्ये मोजतात आणि ऊर्जा वॅट-तासांत. शंभर वॅटचे उपकरण दहा तास चालले म्हणजे १,००० वॅट-तास खर्च झाले. वीजबिलावरचे ‘एक युनिट’ ते हेच. टाकी ज्या उंचीवर आहे त्या उंचीमुळे मिळणारा जोर म्हणजे विद्युत्‌दाब, तो व्होल्टमध्ये. नळीतून जाणारा प्रवाह अँपिअरमध्ये. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. एवढी चार मापे ध्यानात असली की पुढचे सर्व त्रैराशिकाचे काम आहे.

बॅटरीच्या अंगावर साठा लिहिलेला असतो तो बहुधा अँपिअर-तासांत. त्याला व्होल्टने गुणले की वॅट-तास मिळतात. आमच्या गाडीत १२ व्होल्टच्या, प्रत्येकी १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या होत्या. म्हणजे २०० अँपिअर-तास. कागदावर २,४०० वॅट-तास, सुमारे अडीच युनिटांना थोडे कमी. आपल्या घरी उन्हाळ्यात एक वातानुकूलन यंत्र दोन तासांत जेवढी वीज खाते, जवळपास तेवढीच ही शिदोरी. तीवर चार माणसांची रात्र काढायची होती.

‘बॅटरी’ हा शब्दही मोठा मजेदार आहे. तोफांच्या रांगेला इंग्रजीत जो शब्द होता, तोच बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४९ मध्ये एकत्र जोडलेल्या विद्युत्‌साठवण-बरण्यांच्या रांगेस लावला. म्हणजे अर्थाच्या अंगाने पाहिले तर आपल्या इंदूरचा ‘तोपखाना’ आणि घरची बॅटरी यांचे दूरचे नाते लागते! मराठीत तर आपण हातातल्या विजेरीलाही बॅटरीच म्हणतो. पुढे १८०० मध्ये व्होल्टा यांनी धातूंच्या चकत्यांची चळत रचून अखंड प्रवाह देणारा पहिला घट सिद्ध केला. परंतु हा घट एकदा संपला की संपला. रिकामा झाल्यावर पुन्हा भरता येईल असा शिशाचा संचायक फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. शिशाची एक पट्टी, शिशाच्या ऑक्साइडची दुसरी आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल. वीज घेताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. भरताना हीच क्रिया उलट घडते. सरांनी आम्हांला आम्लाची घनता मोजणारी काचेची नळी बॅटरीत बुडवून तिची अवस्था ओळखायला शिकविले होते. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्या घरोघरच्या इन्व्हर्टरखाली मुख्यत्वे प्लांते यांचाच वारस बसलेला आहे.

या वारसाचे काही स्वभावदोष मात्र जाणून घेतले पाहिजेत. पहिला असा की, त्याला तळापर्यंत रिकामे केलेले खपत नाही. पुन्हापुन्हा अर्ध्याखाली उतरविले तर पट्ट्यांवरचे सल्फेट कठीण होत जाते आणि बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून मोटारहोमवाले जाणते लोक शिशाच्या बॅटरीचा निम्माच साठा आपला समजतात. दुसरा दोष असा की, घाईने वीज मागितली तर ती एकूणच कमी मिळते. बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा वीस तासांत सावकाश वापरल्यास मिळणारा असतो. एका तासात उपसू पाहाल तर तेवढा मिळणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये याचे सूत्रच मांडले. तिसरा दोष थंडीचा. गोठणबिंदूच्या आसपास तिचा उपयुक्त साठा सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. आणि चौथा दोष वजनाचा. १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी २८-३० किलोग्रॅमची असते.

आता आमच्या रात्रीचा हिशेब ऐका. त्या दिवशी प्रवास थोडाच झाला होता, त्यामुळे इंजिनावरच्या अल्टरनेटरकडून बॅटऱ्या पूर्ण भरल्या नव्हत्या. छतावर एक लहान सौर तावदान होते, पण गाडी पाइनच्या दाट सावलीत उभी. सायंकाळी दाबमापक १२.४ व्होल्ट दाखवीत होता. आम्ही समजलो, बारा म्हणजे पुष्कळ. वस्तुतः विश्रांत अवस्थेतील शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते आणि १२.२ व्होल्ट म्हणजे निम्मी उतरलेली. १२.४ याचा अर्थ साधारण तीन-चतुर्थांश साठा. म्हणजे २०० पैकी १५० अँपिअर-तास. त्यातून थंडीने एक पंचमांश कापून घेतला, उरले १२०. एवढ्यात तळ गाठला जाणार होता.

खर्चाची बाजू अशी. दिवे आणि पाण्याचा पंप मिळून १० अँपिअर-तास. दोन-तीन दूरध्वनी आणि एक लॅपटॉप भरण्यास ८. शीतपेटी गॅसवर चालत होती, तरी तिच्या नियंत्रकाला ५ लागले. उष्णतायंत्रही गॅसचे, पण गरम हवा आत ढकलणारा पंखा विजेचा, आणि तो ८ अँपिअर घेतो. रात्री नऊ ते पहाटे चार या सात तासांत तो निम्मा वेळ चालला असे धरले तर २८. हा पंखा म्हणजे मोटारहोममधील छुपा चोर होय. यंत्र गॅसचे आहे म्हणून कोणी त्याच्याकडे लक्षच देत नाही.

सीपॅप यंत्राला हवा दमट व कोमट करणारी पाण्याची पेटी जोडलेली होती. तिच्यासह सरासरी ७० वॅट. ते इन्व्हर्टरमार्फत चालत होते आणि इन्व्हर्टर स्वतःची दलाली घेतो. आमचा जुना इन्व्हर्टर १५ टक्के घेतो असे धरले, तर बॅटरीतून ८२ वॅट, म्हणजे जवळपास ७ अँपिअर. सहा तासांचे ४१. आणि माझा भात? ५०० वॅटचा कुकर अर्धा तास. दलालीसह ४९ अँपिअरच्या वेगाने सुमारे २४ अँपिअर-तास.

एकूण बेरीज ११६. शिल्लक होती १२०. पहाटे चार वाजता पिपाणी का वाजली, ते कागदाच्या पाठीवर सहा ओळींत स्पष्ट झाले. पत्नी ती बेरीज पाहून म्हणाली, “म्हणजे माझा श्वास भाताने खाल्ला नाही, सगळ्यांनी मिळून थोडा थोडा खाल्ला.” तिच्या या वाक्याने मला हसू आले, तरी बरे वाटले असे म्हणवत नाही. भात नसता तर ती २४ अँपिअर-तासांची रक्कम शिल्लक राहिली असती आणि पंखा व सीपॅप यांना मिळून ती आणखी दोन तासांवर, म्हणजे उजाडेपर्यंत पुरली असती. दोष पूर्णपणे माझा नव्हता. पण माझाही होताच. मोजमापाचा मोठा गुण हा की, ते दोष नाकारूही देत नाही आणि वाढवूनही सांगत नाही.

येथे इन्व्हर्टरविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. बॅटरी देते ती एकाच दिशेने वाहणारी वीज, कमी दाबाची. घरगुती उपकरणांना लागते दिशा बदलत राहणारी वीज. अमेरिकेत १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. स्वस्त इन्व्हर्टरमधून निघणारी लाट पायऱ्यापायऱ्यांची असते. चांगल्यातून निघणारी गुळगुळीत, साइन प्रकारची. दिवा कोणत्याही लाटेवर जळेल, परंतु मोटार असलेली उपकरणे पायऱ्यांच्या लाटेवर तापतात, गुणगुणतात, आणि वैद्यकीय यंत्रांना तर गुळगुळीत लाटच द्यावी. शिवाय काहीही जोडलेले नसताना केवळ चालू ठेवलेला इन्व्हर्टरही थोडी वीज पीत राहतो. म्हणून ज्या उपकरणाला मुळातच कमी दाबाची एकदिश वीज चालते, त्याच्यासाठी इन्व्हर्टरचा हा द्राविडी प्राणायाम कशाला? अनेक सीपॅप यंत्रांना १२ व्होल्टवरून थेट चालविणारी जोडणी मिळते. कन्येने ती जवळच्या गावातून मिळविली.

दुसऱ्या रात्री आम्ही असे केले. डॉक्टरांना दूरध्वनीवरून विचारून दमट हवेची पेटी बंद ठेवली. यंत्राची भूक ७० वॅटवरून ३५ वर आली. थेट जोडणीमुळे इन्व्हर्टरची दलाली वाचली. आठ तासांना २६ अँपिअर-तास पुरले. भात गॅसच्या शेगडीवर शिजविला, खर्च शून्य. दूरध्वनी दिवसा गाडी चालू असताना भरले. उष्णतायंत्र दोन अंश खाली ठेवून एकेक पांघरूण वाढविले. पंख्याचा खर्च २० वर आला. दिवे, पंप आणि शीतपेटी मिळून पूर्वीप्रमाणे १५. एकूण ६१. शिवाय सायंकाळी परवानगीच्या वेळेत जनरेटर चालवून बॅटऱ्यांना थोडा आधार दिला. सकाळी सहाला उठलो तेव्हा यंत्र शांतपणे घरघरत होते आणि पत्नी गाढ झोपली होती. त्या घरघरीइतका मधुर नाद मी त्या प्रवासात दुसरा ऐकला नाही.

या अनुभवातून घरगुती उपकरणांची तीन गटांत विभागणी करावी असे मला सुचले. पहिला गट प्रकाश व संदेशवहनाचा. एलईडी दिवे, दूरध्वनी, रेडिओ, लॅपटॉप यांची भूक अल्प असते. बॅटरी त्यांना आनंदाने पोसते. दुसरा गट मोटारींचा, म्हणजे पंखे, पंप, शीतपेटी, वातानुकूलन. यांच्यात लहानमोठे फार. १२ व्होल्टची संपीडक असलेली लहान शीतपेटी चालते तेव्हा ४० ते ६० वॅट घेते आणि थांबूनथांबून चालते. दिवसाकाठी साधारण ६०० वॅट-तासांत भागते. छतावरचे वातानुकूलन यंत्र मात्र १,३०० वॅटच्या आसपास घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी अधिक ओढते.

तिसरा गट उष्णता निर्माण करणाऱ्यांचा. किटली, इस्त्री, शेगडी, केस वाळविण्याचे यंत्र, पाणी तापविण्याचे यंत्र. हे बॅटरीचे खरे शत्रू. येथेच शक्ती आणि ऊर्जा यांतील भेद उत्तम दिसतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ९३ वॅट-तास ऊर्जा पुरते. ती काही फार नव्हे. पण १,५०० वॅटची किटली ती चार मिनिटांत मागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढी शक्ती काढायची तर दलालीसह सुमारे १४७ अँपिअर प्रवाह वाहावा लागतो. तेच काम घरी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअरमध्ये होते. तारेतील उष्णतेचा अपव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; प्रवाह दसपट तर अपव्यय शंभरपट. म्हणूनच बॅटरी आणि इन्व्हर्टर यांमधील तार अंगठ्याएवढी जाड आणि हातभर लांबीची असावी लागते. टाकी भरलेली आहे, पण नळी बारीक आहे. अशा वेळी घागर लवकर भरत नाही.

उष्णतेसाठी गॅस का श्रेष्ठ, तेही आकड्यांतच पाहा. एक किलोग्रॅम गॅसमध्ये सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. आपल्या स्वयंपाकघरातील १४.२ किलोग्रॅमच्या टाकीत जवळपास १८० युनिट होतात. त्यातली निम्मी शेगडीभोवती वाया जाते असे मानले, तरी आमच्या दोन बॅटऱ्यांतील अडीच युनिटांपुढे ती कुबेराची कोठी ठरते. मोटारहोमचे शिल्पकार हे जाणतात. म्हणून स्वयंपाक, ऊब आणि पुष्कळदा शीतपेटीही ते गॅसवर ठेवतात. ज्वाळेने थंडी निर्माण करणारी ती शीतपेटी स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधून काढली, हेही आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे.

अलीकडे शिशाची जागा लिथियमच्या बॅटऱ्या घेऊ लागल्या आहेत. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारहोमसाठी त्यातील लोह-फॉस्फेटाचा प्रकार पसंत केला जातो; १९९७ मध्ये पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी तो प्रकाशात आणला. त्या नामावलीतील पहिली दोन नावे आपल्याकडची वाटतात हे पाहून मला आनंद झाला. या घटाचा दाब ३.२ व्होल्ट; चार घट मिळून १२.८. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२८० वॅट-तास मावतात, वजन शिशाच्या निम्म्याहून कमी, आणि त्यांतील ८० ते ९० टक्के निर्धास्तपणे वापरता येतात. शेवटपर्यंत दाबही फारसा ढळत नाही. तरीही चमत्कार नव्हे. अशा एका बॅटरीवर ते १,३०० वॅटचे वातानुकूलन पाऊण तासच चालेल. शिवाय तिचाही एक हट्ट आहे. गोठणबिंदूखालील थंडीत ती वीज देईल, पण भरू नये. तसे केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते. यासाठी तिच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसविलेला असतो.

रिकामी झालेली शिदोरी पुन्हा भरायची कशी? चार वाटा आहेत. तळावर वीज असेल तर तारेने जोडून, गाडी चालू असताना अल्टरनेटरकडून, जनरेटर लावून, आणि सूर्याकडून. छतावर २०० वॅटची तावदाने असतील तर निरभ्र दिवशी पाच तासांच्या कडक उन्हाइतका लाभ धरावा. गुणाकार १,००० वॅट-तास सांगतो. पण तावदान सपाट असते, तापते, धुळीने माखते. प्रत्यक्षात ७०० हाती आले तर समाधान मानावे. झाडाच्या सावलीत तर त्याच्याकडून फारशी आशाच नको. दिवसाची मिळकत आणि रात्रीचा खर्च जुळला तरच संसार सुरळीत चालतो. हे वाक्य मी बॅटरीविषयी लिहिले आहे, परंतु आपल्या आईवडिलांच्या पिढीला ते वेगळ्या संदर्भातही पाठ होते.

सुरक्षिततेचे तीन नियम सांगतो. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो. ती हवेशीर जागी असावी आणि जवळ ज्योत नसावी. बॅटरीच्या धन टोकापासून अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. कारण बारा व्होल्टचा झटका बसत नसला, तरी त्यावर पाना आडवा पडला तर तो लालबुंद होण्याइतका प्रवाह तीत आहे. आणि जेथे गॅस किंवा जनरेटर आहे तेथे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असलेच पाहिजे. या विषारी वायूला रंग नाही, गंध नाही.

आता आपण विचाराल, इंदुरात राहणाऱ्या आम्हांला या मोटारहोमशी काय कर्तव्य? श्रोतेहो, २००३ च्या आगेमागे आपल्या मध्य प्रदेशात वीज किती तास जाई, हे येथे बसलेले ज्येष्ठ विसरले नसतील. त्या काळात घरोघर इन्व्हर्टर आले. आता वीज क्वचितच जाते, आणि म्हणूनच कोपऱ्यातल्या त्या बॅटरीकडे आपले लक्ष उरलेले नाही. तिच्यात शुद्ध पाणी शेवटचे केव्हा घातले, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते? १५० अँपिअर-तासांची बॅटरी नवी असेल तर तिच्यात कागदावर १,८०० वॅट-तास. इन्व्हर्टरची दलाली आणि तळाची राखीव वगळता सुमारे १,२००. दोन पंखे, चार दिवे मिळून २०० वॅट धरले तर सहा तास. पण २०२१ च्या करोना लाटेत अनेकांनी घरी आणलेले प्राणवायू देणारे यंत्र ३५० वॅटच्या आसपास घेते. ते त्याच बॅटरीवर तीन तासांहून फार अधिक चालणार नाही. आणि बॅटरी पाच वर्षांची जुनी असेल तर कदाचित त्याच्या निम्मेही नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले दूरदेशी आहेत. घरात दोघेच वृद्ध, आणि कोणाच्या उशाशी असेच एखादे यंत्र. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. एका रविवारी दिवसा, कोणीतरी सोबत असताना, मुख्य वीज बंद करून पाहा. ते यंत्र किती वेळ चालते ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. यंत्रावरच माणसाचा श्वास अवलंबून असेल, तर ही परीक्षा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका आणि दुसरी सोय हाताशी ठेवा. संकटाच्या रात्री अंदाज कामाला येत नाही. आधी केलेला हिशेबच कामाला येतो.

सरांनी आम्हांला घनतामापक नळी वाचायला शिकविले त्याला आता साठ वर्षे होत आली. मी ते विसरलो होतो. कॅन्यनच्या काठावरच्या एका थंड पहाटे ते शिक्षण मला माझ्या कन्येच्या हातून परत मिळाले. तिला मी कधी विज्ञान शिकविले नाही. पण तीही याच शाळेची विद्यार्थिनी होती, याच बाकांवर, याच भाषेत गुणाकार-भागाकार शिकली होती. तेव्हा सरांचे ऋण मजवर दुहेरी आहे.